बहिणीचं 'नाटक' : आजार समजायचा, स्वभाव की पाप? (इंदूर, ख्रिस्ती घर)

तायडी_इंदूर

नमस्कार. इथे नुसती वाचत असते, आज लिहून राहिलेय कारण घरात कोणाशी धड बोलायची सोय राहिली नाही. आम्ही इंदूरचे, मराठी ख्रिस्ती, पणजोबा नगरकडून इकडे मिशनच्या दवाखान्यात कामाला आले आणि मग इथलेच झाले, त्यामुळे मराठीत हिंदी सापडली तर सांभाळून घ्या. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. २६ वर्षांची, हुशार, दिसायला छान, आणि गळा असा की चर्चमध्ये सोलो बहुतेक तिचाच. नाव नाही लिहीत, छोटी म्हणते.

छोटीकडे कोणी बघत नसलं की तिचं काहीतरी बिनसतं. पप्पांच्या साठीला घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती, पाळकसाहेब आलेले, नातेवाईक आलेले, आणि आई पप्पांबद्दल बोलायला उभी राहिली. आई कधी चार माणसांसमोर बोलत नाही, हातातला कागद थरथरत होता तिचा. तिसऱ्या वाक्याला छोटी सोफ्यावरून धाडकन खाली. झालं, सगळे तिकडे, कोणी पाणी आणतंय, कोणी तळवे चोळतंय, आई कागदाची घडी करून किचनमध्ये. आणि थोड्या वेळाने हीच बाई केकसोबत फोटो काढून 'फीलिंग ब्लेस्ड' टाकते.

नाताळात कॅरलचा सोलो दुसऱ्या मुलीला दिला तर शनिवारी संध्याकाळी क्वायरच्या ग्रुपवर कुजबुजत्या आवाजात व्हॉइस नोट, माझा आवाज गेला, बहुतेक कायमचा गेला, प्रार्थना करा. अख्ख्या ग्रुपने हात जोडले. त्याच रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात मैत्रिणींबरोबर जोरजोरात हसताना माझ्या नवऱ्याने बघितलं तिला. दोन भेटींत कोणीही तिची 'दुसरी आई' होते, महिन्याभरात ती दुसरी आई दुष्ट ठरते, आणि काय झालं विचारलं तर "अगं भयंकर, म्हणजे काय सांगू तुला, एकदम भयंकर". पुढे काही नाही. नेमकं काय झालं ते कधीच कळत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते हे की क्वायरमधल्या एका आंटीला तिने सांगितलं की घरात मला जेवायलाही विचारत नाहीत. आईच्या कानावर आलं ते. आणि मागच्या महिन्यात भांडणात म्हणाली की मी गोळ्या खाईन. आता खरं किती धरायचं आणि खोटं किती, काही समजेनासं झालंय.

काउन्सेलरकडे नेलं होतं, त्या बोलल्या हिस्ट्रिऑनिक ट्रेट्स (सतत लक्ष वेधून घ्यायचा, भावना ओसंडणारा स्वभाव) वाटतात, सायकियाट्रिस्टना दाखवा. प्रार्थनासभेच्या आंटी म्हणतात हा ईजबेलीचा, म्हणजे बायबलमधल्या त्या दुष्ट राणीचा, आत्मा आहे, उपास-प्रार्थना करून काढावा लागेल, आणि तिला 'त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा' हे वचन रोज म्हणायला लावलंय. पप्पा म्हणतात काही आजार नाही न् आत्मा नाही, लाडाने बिघडलीय. मला दोन्ही बाजूंचं समजून घ्यायचंय, सायकॉलॉजी काय म्हणते आणि आपली श्रद्धा काय म्हणते. कृपया टिंगल नको.

भिया_लोग

ताई, टिंगल नाही करत, पण अर्धं इंदूर असंच आहे हो. आमच्या कॉलनीच्या गणपतीत एक काका आहेत, बक्षीस समारंभात माइक हातात आला की पोरांची बक्षिसं राहिली बाजूला, काकांनी तरुणपणी गाजवलेलं नाटक सुरू होतं, मधे मधे डोळ्याला रुमाल पण लागतो. त्यांना कोणी डिसऑर्डर म्हणत नाही, 'कलाकार माणूस' म्हणतात. मुलगी असली की लगेच डॉक्टर नाहीतर भूत. आधी हे तपासा असं माझं म्हणणं. बाकी आईच्या भाषणाचं वाचून मला पण राग आला, खोटं कशाला बोलू.

मनोमित्र

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, इंदुरातच काम करतो. इथे बसून तुमच्या बहिणीचं निदान मी करणार नाही, ते समोर बसून, दोन-चार भेटींनंतर आणि घरच्यांशी बोलूनच होतं. जनरल सांगतो.

वरच्या भियांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो आमच्याकडे तपासून झालाय. १९८९ मध्ये फोर्ड आणि विडिगर या दोघांनी सायकॉलॉजिस्ट लोकांना रुग्णांची वर्णनं पाठवली, मजकूर तोच, फक्त कुठे रुग्ण बाई लिहिली, कुठे पुरुष. बाई लिहिलं की हिस्ट्रिऑनिकचा शिक्का जास्त वेळा बसला. आणि अमेरिकेत २००१-०२ मध्ये सर्वसाधारण लोकांची जी मोठी पाहणी झाली तिच्यात हे प्रमाण १.८४ टक्के निघालं, बायका आणि पुरुषांत फरक दिसला नाही. दवाखान्यात मात्र बायकाच जास्त दिसतात. म्हणजे कोणाला धरून आणलं जातं हा पण प्रश्न आहेच. या शिक्क्याचा इतिहासही काही फार चांगला नाही, जुने ग्रीक वैद्य गर्भाशयाला दोष द्यायचे, मग हिस्टेरिया आला, १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइडचं पुस्तक आलं, आणि १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलच्या तिसऱ्या आवृत्तीत हिस्टेरिकल हे नाव काढून हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर एवढंच ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी ११वी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात तर हा वेगळा प्रकारच नाही, तिथे व्यक्तिमत्त्वाचा त्रास किती तीव्र आहे आणि कोणत्या अंगाने जातो एवढंच बघतात, बॉर्डरलाइन नावाच्या दुसऱ्या एका प्रकाराचा उल्लेख तेवढा राहिलाय.

अमेरिकन मॅन्युअलमध्ये आठ लक्षणं आहेत आणि निदानाला त्यातली किमान पाच लागतात, तीही तरुणपणापासून, घरी, ऑफिसात, मित्रांत, सगळीकडे, आणि त्यामुळे जगणं अडत असेल तरच. लक्ष आपल्याकडे नसलं की अस्वस्थ होणं, भावना झरझर बदलणं आणि वरवरच्या वाटणं, ओळख असते त्यापेक्षा नातं जवळचं समजणं, दुसऱ्याच्या बोलण्याचा पटकन पगडा बसणं, दिसण्यातून लक्ष ओढणं, हे त्यातलं. आणि तुम्ही जे 'भयंकर, काय सांगू' लिहिलंय ना, ते पण त्या यादीत आहे, बोलणं ठसठशीत पण तपशील शून्य. लोकांना वाटतं ही लपवतेय. बऱ्याचदा लपवायला तिच्याकडे तपशीलच नसतो, प्रसंगाचा फक्त रंग मनात राहिलेला असतो.

नार्सिसिस्टिकशी गल्लत करू नका, त्या माणसाला वरचढ दिसायचं असतं. हिस्ट्रिऑनिक माणसाला बिचारं दिसूनही चालतं, लक्ष मिळाल्याशी मतलब.

कारण एकच एक सांगता येत नाही. उपजत स्वभाव असतो, आणि लहानपणी काय चाललं ते असतं. एक गोष्ट मात्र मी घरोघरी बघतो, पोर शांत असलं की घर आपापल्या कामात, पोर पडलं, रडलं, तापलं की सगळं घर गोळा. ते पण दर वेळी नाही, कधी कधी. आणि कधी कधी मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे.

आता कामाचं. तिचं पडणं मुद्दाम होतं असं धरून चालू नका. एकदा ईसीजी, शुगर, हिमोग्लोबिन, फिट्सची शंका, हे सगळं फिजिशियनकडून बघून घ्या. आणि गोळ्यांची धमकी नाटक म्हणून सोडू नका, अगदी दहाव्यांदा दिली तरी. अशा लोकांना खरंच इजा होते, कधी ठरवून, कधी दाखवायला गेले आणि जास्त झालं म्हणून. घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि तिला सरळ विचारा की मरावंसं वाटतंय का, विचारल्याने डोक्यात भरत नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, फुकट आहे, हिंदीत बोलता येतं.

या स्वभावावर गोळी नाही. सोबत डिप्रेशन किंवा अँग्झायटी असेल तर त्याचं औषध देतात. खरा उपचार बोलण्याचाच, आणि तो लांब चालतो. सुरुवातीला अशी व्यक्ती थेरपिस्टची पण सगळ्यात लाडकी पेशंट असते, नंतर एके दिवशी थेरपिस्ट भयंकर होतो, तेव्हा घरच्यांनी लगेच डॉक्टर बदलायचा नाही.

तायडी_इंदूर

धन्यवाद मनोमित्र. "पोर पडलं की घर गोळा" वाचून सुन्न झाले थोडी. छोटी चार वर्षांची असताना आजोबा आमच्याकडेच आजारी होते, दोन वर्षं अंथरुणावर, आई-पप्पा पूर्ण त्यांच्यात. मी मोठी, मी गप्प बसायला शिकले. आणि छोटीला तेव्हाच दम्यासारखं व्हायचं, डॉक्टर म्हणायचे छाती तर साफ आहे. पण मग श्रद्धेचं काय? आंटींचं म्हणणं एकदम टाकून देववत नाही, त्या मनापासून करतात.

शब्द_आणि_वचन

पाळक होतो, आता निवृत्त. काही वर्षं बडोद्याला काढली, बाकी माळव्यातच. लांब लिहीन, सवय आहे.

आधी ते ईजबेलीचं बाजूला करू. राजांची दोन्ही पुस्तकं उघडा. ईजबेलीचा अपराध काय लिहिलाय? संदेष्ट्यांना मारलं, आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला, १ राजे २१. डोळ्यांत काजळ घातल्याचा उल्लेख थेट मरणाच्या दिवशी येतो, २ राजे ९:३०, आणि तिथे त्या काजळाबद्दल कोणी तिला दोष दिलेला नाही. प्रकटीकरण २:२० मधली ईजबेल खोटी शिकवण देते म्हणून दोषी आहे. नटणाऱ्या, रडणाऱ्या, लक्ष मागणाऱ्या पोरीला ईजबेल म्हणायला शास्त्रात आधार नाही, ती आपली मंडळ्यांमधली सवय आहे. उलट १ शमुवेल १ वाचा. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडतेय आणि एली याजक, एवढा अनुभवी माणूस, तिला दारुडी समजून झापतो. बाईच्या डोळ्यांतलं पाणी बघून निदान करायची घाई आमच्या धंद्यात तेव्हापासूनची आहे.

'त्याची वृद्धी व्हावी' हे योहान ३:३० आहे, पण तिला त्याच्या आधीचं वचन कोणी शिकवलं का? २९व्यात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो मी वराचा मित्र आहे, त्याचा आवाज ऐकून मला आनंद होतो. ज्याला आपली जागा माहीत आहे तो माणूस बाजूला व्हायची गोष्ट करतोय. जिला मुळात मी आहे की नाही याचीच खात्री नाही तिच्याकडून रोज 'माझा ऱ्हास व्हावा' म्हणवून घेणं मला बरोबर वाटत नाही, आणि गोळ्यांची भाषा झालेली असताना तर मी ते आजच्या आज बंद करीन. त्या आंटींना भेटून सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल, नाव माहीत नाही ती गोष्ट वेगळी.

आता पापाचं. लोकांनी बघावं म्हणून करणं, याबद्दल प्रभूने मत्तय ६ मध्ये स्पष्टच सांगितलंय, दान, प्रार्थना, उपास, तिन्हींबद्दल. पुढे चौथ्या शतकात वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंनी, त्यांत इव्हाग्रियस नावाचा फार बारीक माणूस, पोकळ मोठेपणाच्या हावेला आठ घातक विचारांत गणलं. त्याचा वारसा चालवणारा कॅसियन म्हणतो की हा विकार कांद्यासारखा आहे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा, आणि भडक कपडे सोडले की साध्या कपड्यांचा मोठेपणा वाटायला लागतो. ऑगस्टीनने आपल्या कबुलीजबाबाच्या दहाव्या भागात हेच स्वतःबद्दल लिहिलंय, बिशप झाल्यावर, की स्तुती आवडते आणि ती का आवडते ते मला माझंच कळत नाही, आणि स्तुतीचा तिरस्कार करतानाही माणूस त्या तिरस्काराची शेखी मिरवतो. हा तोच माणूस ज्याला तरुणपणी कार्थेजला नाटकांचं वेड होतं आणि खोट्या दुःखावर खरे अश्रू ढाळायला आवडायचं. म्हणजे छोटीच्या जातीचा एक मनुष्य आपल्या मंडळीचा मोठा धर्मगुरू होऊन गेलाय, एवढं पप्पांना सांगायला हरकत नाही.

पण थॉमस अक्वायनस हा मध्ययुगातला मोठा धर्मपंडित एक फरक करतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपलं चांगलं कोणाला तरी दिसावं ही इच्छा मुळात पाप नाही. ती वाकडी होते ती तीन प्रकारे, नसलेल्या किंवा क्षुल्लक गोष्टीचं कौतुक मागितलं तर, ज्यांच्या पारखीला अर्थ नाही त्यांच्याकडून मागितलं तर, किंवा ते कौतुक देवाच्या आणि शेजाऱ्याच्या भल्याला जोडलेलं नसलं तर. भूक ठीक, ताट चुकलं. मत्तय ६ मध्ये पण प्रभू असं म्हणत नाही की तुमच्याकडे कोणी बघू नये. म्हणतो, गुप्तपणे बघणारा पिता आहे. बघितलं जाण्याची गरज त्याने नाकारली नाही, बघणारा बदलला.

आणि मार्क १:११ बघा, येशूचा बाप्तिस्मा. 'तू माझा प्रिय पुत्र' हे शब्द कधी येतात? अजून एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, नासरेथचा एक माणूस नदीत उभा आहे. काही करून दाखवण्याच्या आधी येतात. मी आयुष्यभर हे प्रवचनात सांगितलं, पण मनोमित्र यांनी वर लिहिलेलं पोर शांत असताना घर आपापल्या कामात असतं ते वाचून वाटलं, घराने आणि मंडळीने करायचं ते हेच, आधी द्यायचं.

मंडळीचं पण बोलायला हवं. साक्षीची वेळ आठवा. जो शांतपणे सांगतो की या आठवड्यात देवाने सांभाळलं त्याला एक 'आमेन', जो हुंदके देत मरणाच्या दारातून परत आलो म्हणतो त्याला टाळ्या. मग पुढच्या रविवारी साक्ष आणखी लांबते. जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन पाळकाने १७४६ मध्येच लिहून ठेवलंय की भावना किती उसळली यावरून ती आत्म्याची आहे की नाही हे ठरत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. आम्ही ते वाचतो आणि पुन्हा टाळ्या वाजवतो.

प्रार्थना_योद्धा

पाळकसाहेब आदर आहे तुमचा पण तुम्ही शत्रूचं काम अगदीच पुसून टाकलंत. सैतान माणसाच्या कमजोर जागीच हल्ला करतो, माझ्या भाच्याला प्रार्थनेने आराम पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय, डॉक्टरांनी हात टेकले होते. सायकॉलॉजी माणसाला पापाची जाणीवच होऊ देत नाही, सगळं ट्रेट ट्रेट म्हणत बसते.

शब्द_आणि_वचन

प्रार्थना करूच नका असं मी कुठे म्हटलं? रोज करा, तिच्यासोबत बसून करा, हळू आवाजात. पण चार जणांनी घेरून, डोक्यावर हात ठेवून, ओरडून आत्मा काढायचा प्रयोग या मुलीवर करू नका. ती पडेल. मनोमित्र यांनी लिहिलंय तिच्यावर दुसऱ्याचा पगडा लवकर बसतो, तुम्ही पडण्याची अपेक्षा ठेवलीत की ती पडेल, सगळे म्हणतील निघाला, आणि तिच्या आजाराला तुम्ही पवित्र मंच बांधून दिलात. पुढच्या महिन्यात आणखी मोठा आत्मा निघेल.

ग्वाल्हेरवाली

ख्रिस्ती नाही, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या देशस्थ घरातली आहे, पण हे वाचून राहवलं नाही. तायडी, मी तुमची छोटी आहे. म्हणजे मला हेच निदान मिळालेलं आहे, बरीच वर्षं झाली.

आतून कसं असतं सांगते, कारण बाहेरून सगळे नाटक म्हणतात. पार्टीत सगळे दुसऱ्या कोणाशी बोलत असले की मला हेवा वगैरे नाही वाटायचा, मला वाटायचं मी विरून चाललेय. छातीत खरंच धडधडायचं, हात थंड पडायचे, ते खोटं नव्हतं. त्यातून आपोआप काहीतरी व्हायचं, ग्लास फुटायचा, रडू यायचं, आणि सगळे वळले की दोन मिनिटांत बरं वाटायचं, म्हणून मग हसू पण यायचं. लोकांना ते हसू दिसतं आणि ते म्हणतात बघा, नाटक होतं. रडू पण खरं होतं, हसू पण खरं. सराफ्यातलं हसणं तसंच असणार, पैज लावते.

थेरपीत मॅडम मला फक्त एवढं विचारायच्या, नेमकं काय झालं? कोण काय म्हणालं, शब्द काय होते, तू त्याच्या आधी काय करत होतीस. मला इतका राग यायचा! मी म्हणायचे तुम्हाला माझ्या भावना कळतच नाहीत. त्या म्हणायच्या कळतील, आधी शब्द सांग. एकदा सासूबाई माझा अपमान करतात म्हणून मी तासभर रडले आणि शब्द आठवायला लागले तर ते निघाले "दूध उतू गेलं बघ". बस एवढंच. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्यावरच हसले.

घरात भावाने जे केलं त्याने फार फरक पडला. रोज रात्री जेवण झालं की फोन, मी बरी असो नसो. आणि मी दिवसा रडत फोन केला तर ऐकायचा, काही धोका नाही ना एवढं विचारायचा, आणि म्हणायचा रात्री बोलूच. पहिले काही महिने मी त्याला इतकं छळलं, रात्रीचा फोन उचलायचे नाही, दुपारी वीस मिस्ड कॉल द्यायचे. तो हलला नाही. हळूहळू मला खात्री पटली की रात्री फोन येणारच आहे, त्यासाठी काही मोडावं लागत नाही.

अजून एक, ते आईचं भाषण अर्धवट राहिलंय ना? ते होऊ द्या एखाद्या रविवारी जेवणानंतर. छोटीला तिथे बोलवा, पण तिला त्यात कसलंही काम देऊ नका, अँकरिंग नाही, गाणं नाही. चुळबुळ करेल, उठून जाईल, जाऊ दे. आई बोलून पूर्ण करू दे.

भिया_लोग

ग्वाल्हेरवाली ताई, सलाम. आता काकांकडे पण वेगळ्या नजरेने बघावं लागणार, कठीण आहे.

मनोमित्र

ग्वाल्हेरवाली यांनी भावाचं जे लिहिलंय ते बहुतेक घरांत तिसऱ्याच आठवड्यात मोडतं, कारण आधी त्रास वाढतो. लक्ष देणं बदललं की नाटक काही काळ दुप्पट होतं, आणि नेमकं तेव्हा घरचे विरघळतात, मग ती शिकते की दुप्पट केलं की मिळतं. म्हणून हे डॉक्टरांशी बोलून, सगळ्या घराने मिळून करा, एकट्या तायडीने करून उपयोग नाही. आणि जिवाच्या धोक्याला हा नियम लागू नाही, तिथे लगेच धावायचं.

तायडी_इंदूर

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. आईला पण वाचून दाखवलं, ग्वाल्हेरवालीचं ऐकताना ती मधेच उठली आणि चहा टाकला, पण परत येऊन बसली.

एक गोष्ट मात्र अजून अडकलीय. आजार म्हटलं की मग सगळं माफ का? जेवायला विचारत नाहीत हे जे ती बोलली, ते चर्चमध्ये अजून फिरतंय. आई दोन रविवार प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) पुढे गेली नाही. छोटीला मी बोलले तर ती इतकी रडली, पाया पडली, मी वाईट आहे मी नालायक आहे, शेवटी आईच तिला जवळ घेऊन बसली. म्हणजे माफी पण तिचाच कार्यक्रम झाला. आता काय करायचं?

शब्द_आणि_वचन

सगळं माफ नाही. मी प्रोटेस्टंट, पण कॅथलिक धर्मशिक्षणात, १७३५व्या परिच्छेदात, हे फार नीट मांडलंय, की सवय, भीती, मानसिक कारणं यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, काही वेळा अगदी नाहीशीही होते. किती कमी हे देवाला माहीत, आपण मोजायला बसायचं नाही. पण छोटी नोकरी करते, सोलोच्या तारखा लक्षात ठेवते, म्हणजे थोडी तरी जबाबदारी तिच्या हातात आहे, आणि तेवढी तिच्याकडे ठेवणं हा तिचा मान आहे. पूर्ण काढून घेतलीत तर ती कायमची आजारी पोर.

लूक १९ मधला जकातदार जक्कय घ्या. तो पण येशूला बघण्यासाठी झाडावर चढलेला माणूस, अख्ख्या यरीहोने बघितला असणार. त्याचा पश्चात्ताप लिहिलाय त्यात एक हुंदका नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आकडे आहेत, अश्रू नाहीत. ग्वाल्हेरवालीच्या मॅडम जे विचारायच्या, नेमकं काय, तेच इथे चालू आहे.

म्हणून तिच्याकडून 'मी नालायक' घेऊ नका. तिथेच थांबवा, प्रेमाने, की तू नालायक आहेस असं कोणी म्हटलं नाही, एक वाक्य चुकीचं गेलंय, ते दुरुस्त करायचंय. कोणाला बोललीस? त्या आंटीला. काय बोललीस? जेवायला विचारत नाहीत. खरं काय? ती वाक्यं कागदावर लिहू द्या, आणि मग तिने त्या एका आंटीला फोन करून तेवढंच सांगायचं. साक्षीच्या वेळी नाही, ग्रुपवर तर नाहीच. बाकी मंडळीत ते आंटीनेच फिरवलंय, तर परत फिरवायचं काम पाळकसाहेब आंटीला देतील, ते मी असतो तर दिलं असतं.

मनोमित्र

हे करताना तायडी तुम्ही शेजारी बसू नका, तुम्ही बसलात की तुम्ही प्रेक्षक. फोन तिने एकटीने करावा, आणि शक्य असेल तर आधी थेरपिस्टकडे एकदा बोलून. झाल्यावर "बरं केलंस" इतकंच, मिठी मारून रडारड नको.

तायडी_इंदूर

बरं. सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट मंगळवारी मिळालीय, बरोबर पप्पा येणार आहेत, हे मला स्वतःला खरं वाटत नाहीये, "बघू काय म्हणतो तो" एवढंच बोलले. ईसीजी आणि रक्ताचं उद्याच करून घेते. गोळ्यांचा डबा माझ्या घरी आणलाय, आईच्या बीपीच्या रोजच्या रोज नवरा देऊन येतो. ऱ्हासाच्या वचनाबद्दल आंटींशी बोलायला आई जाते म्हणाली, मी नको.

फोनच्या वेळेचं मात्र रात्री जमणार नाही, माझी मुलं लहान आहेत. सकाळी साडेसातला तिची ऑफिसची बस येते, स्टॉपवर ती दहा मिनिटं एकटी उभी असते, तेव्हा करत जाईन. ग्वाल्हेरवाली, तिने नाही उचलला तर तुमचा भाऊ लगेच परत लावायचा का, की दुसऱ्या दिवशीच?

ग्वाल्हेरवाली

दुसऱ्या दिवशीच. त्याच वेळेला.